लाडू तिच्या नावाचा

काकी, तू गेलीस त्या सकाळी मी वाडीवर पोहोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. तुझ्या घरातली हिराबाई ओटीवर बसली होती. रडून झालं होतं तिचं. मला म्हणाली, "आंबील प्यायली, म्हणाली जरा पाठ टेकते. मी भांडी घासून आली तवर गेली होती." मी आत आले, तुझ्या शेजारी बसले आणि सवयीने तुझं मनगट धरलं. नाडी लागणार नव्हती हे मला ठाऊक होतं. पण सोळा वर्षं या डोंगरात नर्स म्हणून काढल्यावर माणसाजवळ बसलं की हात आपोआप मनगटाकडे जातो.

आज त्याला अकरा दिवस झाले. मधल्या मंगळवारी उपकेंद्रात लसीकरण होतं. बायका पोरांना घेऊन आल्या, बाकावर दाटीवाटीने बसल्या, आणि बाकाचं भिंतीकडचं तुझं टोक मात्र मोकळं राहिलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एक नवी सून तिथे बसायला गेली तेव्हा शेजारणीने तिला हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

आपली ओळख भांडणाने झाली, आठवतं? मी महाडहून नवीन बदलून आले होते. पोलादपूरच्या पुढे घाटरस्ता सोडून वर चढायचं, हेच मला अवघड वाटत होतं. तुमच्या वाडीच्या शाळेच्या पडवीत मी बायकांची सभा घेतली आणि पाठ करून आणलेलं बोलले. रक्त कमी असतं, त्याने पाळीचे त्रास होतात, बाळंतपणात जीवावर बेततं, म्हणून लाल गोळ्या घ्या. इथवर ठीक होतं. पुढे मी म्हणाले की हे घरगुती लाडू, मुळ्या, काढे आता बंद करा, त्यात काही अर्थ नाही.

तू शेवटच्या रांगेत पाय पसरून बसली होतीस. मला वाटलं तू झोपली आहेस. तू विचारलंस, "बाय, तू आज काय जेवलीस?"

चहा आणि खारी, असं मी खरंच सांगून टाकलं. दुपारचे दोन वाजले होते. तू पिशवीतून फडक्यात बांधलेला लाडू काढून पुढे केलास, आणि बायका हसल्या. मी तो घेतला नाही. घरी जाऊन जेवेन म्हणाले. मला फार अपमान वाटला होता, काकी. उतरताना पोटात कावळे ओरडत होते आणि मी तुला शिव्या देत होते.

दोन महिन्यांनी तू उपकेंद्रात आलीस आणि पदराची गाठ सोडून माझ्या टेबलावर मूठभर लाल गोळ्या ओतल्यास. मातीने माखलेल्या, रंग उडालेल्या. म्हणालीस, परसात कोंबड्या उकरतात तिथे सापडल्या, तुझं पीक आमच्या जमिनीत रुजत नाय. मी बायकांवर चिडले. तू मला गप्प केलंस आणि एकेकीचं सांगत बसलीस. हिला मळमळतं, तिला संडास काळी झाली म्हणून ती घाबरली, तिसरीला सासूने सांगितलं की पोर काळं होईल. मग विचारलंस की गोळी कधी घ्यायची असं मी सांगितलं होतं. मी म्हणाले होते, सकाळी एक. तू म्हणालीस, सकाळी वाडीत बाई कोरा चहा पिते आणि गुरं सोडते, तिच्या पोटात दुसरं काही नसतं.

चहासोबत ही गोळी अंगी लागत नाही, लिंबू-आवळ्यासोबत चांगली लागते, हे मी परीक्षेला लिहिलं होतं. त्याला गुणही पडले होते. बायकांना सांगायचं मात्र मला सुचलं नव्हतं. ते तुझ्यासमोर मी पुटपुटले, आणि तू तेवढंच उचललंस. पुढच्या आठवड्यापासून तुझ्या वाडीत गोळी दुपारच्या भाकरीनंतर झाली, वर मिठातल्या आवळ्याची फोड, आणि चहा थेट गुरं परतल्यावर. परसातल्या गोळ्या थांबल्या. माझ्या रजिस्टरमधले रक्ताचे आकडे हळूहळू वर सरकले, आणि तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी माझं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. मी उभी राहून त्या टाळ्या घेतल्या. तुझं नाव सांगितलं नाही. हे तुला कधीच सांगितलं नव्हतं, आज सांगते.

त्यानंतर मी तुझ्याकडे बघायला लागले. तू सुईण नव्हतीस, वैदूही नव्हतीस. तुझ्या घरात एक मोठी कढई आणि फडताळात सात-आठ डबे होते, एवढंच. पण वाडीतल्या कोणत्या बाईला काय द्यायचं हे तुझ्या डोक्यात पक्कं असायचं. वयात आलेल्या मुलीला नाचणी, तीळ आणि गूळ. बाळंतिणीला अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, ओलं खोबरं घालून, वर थोडा डिंक आणि सुंठ. दूध कमी येत असेल तर शतावरीची पूड. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांना, ज्यांची हाडं दुखतात आणि अंगातून वाफा निघतात, त्यांना तीळ आणि नाचणी पुन्हा, आणि कुळथाचं कढण. शतावरी खणायला मी एकदा तुझ्यासोबत आले होते. काट्यांच्या वेलीखाली हात घालून तू पांढऱ्या मुळ्यांचा झुपका काढलास, अर्ध्याच तोडल्यास, बाकीच्यांवर माती ओढलीस आणि पायाने दाबलीस. मी कारण विचारलं तर म्हणालीस, पुढल्या वर्षी पण बायका बाळंत होणारच.

आपलं मोठं भांडण मात्र लाडवात काय आहे यावर नव्हतं. त्याला काय म्हणायचं यावर होतं. तू त्याला औषध म्हणायचीस. घराघरात जाऊन सासूच्या समोर सांगायचीस, "हे सुनेचं औषध हाय. दुसऱ्या कुणी तोंडात घालायचं नाय." मी तुला पुन्हापुन्हा सांगायचे की हे औषध नाही, पौष्टिक जेवण आहे, औषध म्हटलंस तर बायका दवाखान्यात यायच्या नाहीत. तू ऐकायची नाहीस. शेवटी एकदा वैतागून तू मला चुलीपाशी बसवलंस आणि सरळ सांगितलंस.

"जेवण म्हटलं की ते घराचं होतं गो. पोरं खातात, घोव खातो, पाव्हणा आला तर त्याला देतात. तिच्या वाट्याला डबा धुवायला येतो. औषध म्हटलं की तिचं एकटीचं राहतं."

मी सोळा वर्षांत किती प्रशिक्षणं केली असतील. आहाराचे तक्ते, रंगीत थाळ्या, कडधान्यं आणि हिरव्या भाज्यांची चित्रं. पण ते ताट घरातल्या कुणाच्या पुढे शेवटी येतं, हे मला कोणत्या तक्त्याने नाही, तू सांगितलंस. तरी माझं म्हणणं मी सोडलं नाही. आणि पुढे जे झालं त्यात माझंही खरं निघालं.

सुरेखाचं. तुझ्या शेजारच्या घरातली सून, दोन मुलांची आई, हसरी. तिला पाळीत फार जायला लागलं. आठ-आठ दिवस, कधी दहा. ती माझ्याकडे आली नाही, तुझ्याकडे आली, कारण तुझ्याकडे औषध होतं. तू तिला मनापासून दिलंस. अळीव दिलेस, खजूर दिलास, आवळा दिलास. तिला दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. असे तीन महिने गेले. एका सकाळी गुरांच्या वाटेवर ती पडली. चौघांनी डोलीत घालून खाली आणली तेव्हा तिचे ओठ कागदासारखे पांढरे होते. आम्ही तिला गाडीत घालून महाडला नेली. रक्त चढवावं लागलं. गर्भाशयात गाठ होती. साधी निघाली, उपचार झाला, पोरगी वाचली. पण डॉक्टरबाई मला म्हणाल्या की अजून आठवडा गेला असता तर काही सांगता आलं नसतं.

त्या दुपारी मी तुझ्या दारात येऊन ओरडले. लोक जमले होते. काय बोलले ते मला शब्दाला शब्द आठवतं, आणि ते मी इथे लिहिणार नाही. तू उंबऱ्यात उभी होतीस, हाताला पीठ होतं.

त्यानंतर दीड महिना तू खाली आली नाहीस. डबे बंद, कढई उपडी, असं हिराबाईकडून कळायचं. मला वाटलं, बरं झालं. मग वाटलं, फार बोलले. मग एका मंगळवारी तू आलीस. डोक्यावरून पदर घेऊन भिंतीकडच्या टोकाला बसलीस आणि शेवटचं पोर टोचून होईपर्यंत थांबलीस. सगळ्या गेल्यावर माझ्यासमोर आलीस.

"माझं चुकलं," म्हणालीस. "ती माझ्या डोळ्यासमोर सुकत होती आणि मला बघता आलं नाय. मला बघायला शिकव."

तुझं वय तेव्हा साठीच्या पुढे असेल. आपल्याहून तीस वर्षांनी लहान बाईसमोर, जिने चारचौघांत तुला वाटेल ते सुनावलं होतं, तिच्यासमोर तू शिकायला उभी होतीस. मी तुला खुर्चीत बसवलं आणि आरशात तुझ्याच डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग दाखवला. नखं कशी बघायची, दम कसा ओळखायचा, दिवसाला किती कपडे भिजतात ते लाजेला बाजूला ठेवून कसं विचारायचं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर लाल दिसलं तर एक दिवसही का थांबायचं नाही, सगळं सांगितलं. तुला लिहायला येत नसल्यामुळे तू दोनदा म्हणून दाखवलंस. एकही शब्द चुकला नाही.

तेव्हापासून तुझा नियम झाला, आधी नर्सबाय, मग लाडू. माझ्या चिठ्ठीशिवाय तू डबा उघडायची नाहीस. वरच्या तीन वाड्यांतून ज्या बायका माझ्यापर्यंत कधी पोहोचल्या नसत्या, त्या लाडवाच्या ओढीने आल्या. त्यातल्या कितीतरी जणींना पुढे डॉक्टरकडे पाठवावं लागलं. काकी, मी तुला माफ केलं असं त्या दिवशी म्हणाले होते. खरं तर माफी मीही मागायला हवी होती, त्या दारातल्या ओरडण्याबद्दल. मागितली नाही. तू वाट पाहत नव्हतीस, म्हणून राहून गेली.

माझी गोष्ट त्यानंतरची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि माझं दुसऱ्यांदा पोट पडलं. मी इतरांच्या पोटांची नोंद ठेवणारी बाई, माझं मी कुणाला सांगितलं नव्हतं. रजा टाकून महाडला घरी पडून होते. तुला कुणी सांगितलं मला अजून माहीत नाही. मार्च महिना होता. चवदार तळ्यावर माणसांची रीघ लागली होती, गावोगावचे लोक आले होते, आमच्या घरातही नागपूरकडचे पाहुणे जेवत होते. आणि त्या गर्दीतून वाट काढत तू दारात उभी राहिलीस. हातात डबा. पोलादपूरहून एसटीने आली होतीस, स्टँडपासून विचारत विचारत.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. पहिली दोन-तीन वर्षं मी तुझ्या घरी यायचे तेव्हा मला पाणी एका स्टीलच्या पेल्यातून मिळायचं. तो पेला बाहेरच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला असायचा. पाणी पिऊन मी तो विसळून पुन्हा उपडा ठेवायचे. मी दासगावची, बौद्धवाडीत वाढलेली. असे कोनाडे मला नवीन नव्हते.

तर त्या दिवशी तू आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलीस आणि माझ्या सासूबाईंना विचारलंस, आज एवढी माणसं कशाला जमली आहेत, कुणाची जत्रा आहे. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं. भाकरी थापता थापता, आवाज न चढवता. या तळ्याचं पाणी जनावरांना चालत होतं, आम्हांला शिवायची बंदी होती. मग आमची माणसं जमली, तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्याची आठवण म्हणून ही गर्दी.

"पाण्यासाठी?" तू विचारलंस.

"पाण्यासाठी," त्या म्हणाल्या.

तू म्हणालीस, मला तांब्याभर पाणी द्या, आणि भाकर पण द्या, सकाळपासून पोटात काही नाही. सासूबाईंनी ताट वाढलं. तू पोटभर जेवलीस, सुकट दुसऱ्यांदा मागून घेतलीस. मी तुम्ही-तुम्ही करत होते, तर म्हणालीस, "तुम्ही-तुम्ही काय करतेस गो? मी काय तुझी सासू हाय?" तेव्हापासून तू तू झालीस. पुढच्या वेळी मी वाडीवर आले तेव्हा पाणी तुमच्याच तांब्यातून आलं, आणि बाहेरचा कोनाडा रिकामा होता. तिथे हिराबाईने तेलाची बाटली ठेवली होती. यावर आपण कधीच बोललो नाही. मला आता वाटतं, बोलायला हवं होतं. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. पण खरं सांगू, त्या दिवशी तू सुकट पुन्हा मागितलीस ना, त्यात मला बरंचसं उत्तर मिळालं.

त्या दिवशी डबा मात्र तू मला दिला नाहीस. मांडीवर ठेवून बसलीस. म्हणालीस, नियम सगळ्यांना सारखा, आधी तपासून ये. मी नर्स असून तोवर टाळत होते. तुझ्यासमोर नाइलाज झाला. रक्त तपासलं, थायरॉईड निघालं. रोज पहाटे रिकाम्या पोटी एक बारीकशी गोळी, आणि तासभर वर काही नाही. तुला सांगितलं तर म्हणालीस, तिला एकटं राहायला आवडतं तर राहू दे, माझं खाणं तासाने. आणि मग वर्षभर तुझे डबे येत राहिले. नाचणी, अळीव, तीळ, आवळा. दिवस राहिल्याचं कळलं तशी तू अळीव आणि तीळ बंद केलेस. गरम पडतात म्हणालीस, आता फक्त नाचणीची आंबील, मूग, आणि खा पोटभर. नऊ महिने मी घाबरत काढले. तू एकदाही घाबरली नाहीस, निदान मला दिसेल अशी नाही.

श्रावणी झाली. तेव्हापासून बारा वर्षं आपण एकच वाद घातला. ती गोळीने झाली की लाडवाने? मी म्हणायचे, गोळीने. तू म्हणायचीस, गोळी मला मान्य हाय, पण गोळीला बसायला अंगात जागा कुणी केली? मी म्हणायचे, काकी, असं सिद्ध होत नसतं. तू म्हणायचीस, पोरगी धावते हाय, अजून काय सिद्ध करतेस. या वादाचा निकाल लागला नाही. लागू नये असं दोघींनाही वाटत होतं, असा मला संशय आहे.

महाडला बचत गटांचं प्रदर्शन होतं, ते मी विसरणार नाही. वाडीतल्या बायकांनी टेबल मांडलं होतं आणि तू मागे खुर्चीवर बसली होतीस. शहरातून आलेले एक गृहस्थ तुझे लाडू खाऊन खूश झाले. चांगले कपडे, गोड बोलणं. त्यांना सुंदर डब्यांत भरून हे लाडू दूरवर विकायचे होते. मोबाइलवर त्यांनी डब्याचं चित्रही तिथेच करून दाखवलं. वर तुझा फोटो, खाली लिहिलं होतं, 'मातृत्वाची खात्री'. बायका हरखल्या. मीसुद्धा क्षणभर हरखले. तू विचारलंस, खाली काय लिवलंय ते वाच. मी वाचलं. तू अर्थ विचारलास. मी सांगितला, हे खाल्लं की मूल होतंच, असं.

तू त्या गृहस्थांकडे वळलीस. आवाज अगदी साधा होता. "मग माझा फोटू कशाला छापता, दादा? मला कुठं झालं?"

आम्ही सगळ्या खाली बघू लागलो. वाडीला ठाऊक होतं, माझ्या रजिस्टरमध्ये होतं, पण ते तू असं भर गर्दीत, उजेडात ठेवशील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते गृहस्थ ओशाळले, फोटो बदलू म्हणाले. तू म्हणालीस, फोटो राहू दे नाहीतर काढ, पण ते अक्षर नको. ज्या बाईला झालं नाय ती हा डबा बघून म्हणेल, माझंच काहीतरी वाईट. मी अशा बाईला फसवणार नाय. ते दुसऱ्या टेबलाकडे गेले. बायका दोन दिवस तुझ्याशी धड बोलल्या नाहीत. मग गटाने स्वतःच साध्या कागदावर लिहून घेतलं, नाचणी, तीळ, अळीव, गूळ, खोबरं, रोज एक, आणि त्रास असेल तर दवाखान्यात जा. शेवटचं वाक्य तू सांगितलेलं. औषध हा शब्द त्यात नव्हता. जेवण हाही नव्हता. तिथेही आपलं जमलं नाही, म्हणून काहीच लिहिलं नाही.

परतताना एसटीत मी तुला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तू खिडकीबाहेर सावित्री नदीकडे बघत सांगत गेलीस. हे सगळं तू आधी स्वतःसाठी शिकली होतीस. आठ वर्षं. जो जे सांगेल ते खाल्लंस, शतावरीसाठी रान उकरलंस, आणि काही झालं नाही. तुझी तपासणी कुणी केली नाही, नवऱ्याची तर नाहीच. मग घरच्यांनी तुझ्यावर सवत म्हणून हिराबाई आणली. दुसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले आणि तुझे सगळे डबे तू तिच्यासाठी उघडलेस. तिची चारही बाळंतपणं तू काढलीस.

मी विचारलं, दुखलं नाही का गं?

"दुखलं ना," तू म्हणालीस. "पण ती काय माझ्यावर चालून आली नव्हती. सोळा वर्षांची पोर, रडत आली होती. ती जेवल्याबिगर बाळ कसं जेवणार? मी ठरवलं, मला नाय तर नाय, माझ्या हाताचं तर कामाला येईल." मग हसून म्हणालीस की पोरं तिच्यापेक्षा तुझ्याच मांडीवर जास्त मुतली. पोलादपूर येईपर्यंत तू त्या चार पोरांचे किस्से सांगत होतीस. तुझा आवाज सुखी होता, काकी. मी नीट ऐकत होते, मला त्यात खोटं सापडलं नाही.

तुला अग्नी त्या चौघांनीच दिला. हिराबाई मागे उभी राहून त्यांना सांगत होती, आयेचे पाय नीट ठेवा.

आता एक बातमी, जी तुला पहिल्यांदा सांगायची होती. तू गेल्यावर चौथ्या दिवशी श्रावणीला पाळी आली. शाळेतून घरी आली, दप्तर ठेवलं आणि मला आत बोलावलं. घाबरली नव्हती. तिला सगळं ठाऊक होतं, थोडं माझ्याकडून, थोडं तुझ्याकडून. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. मी कपाट उघडलं आणि मग लक्षात आलं की डबा रिकामा आहे, आणि भरणारी नाही.

मी सामान काढून बसले. तीळ भाजले, नाचणी भाजली, तुझ्या आवडीचे अळीवही नारळाच्या पाण्यात टाकले. किती वेळ भिजवायचे, गुळाचा पाक किती चढवायचा, काही आठवेना. तू कधी मापाने केलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. हिराबाईला फोन लावला. म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं एका चुलीवर, तुम्हाला येत असेल.

"मला कुठलं येतंय, बाय," ती म्हणाली. "मला तिनं कधी करू दिलं नाय. मी नुसतं खाल्लं."

आम्ही दोघी फोनवर रडलो, आणि मग हसलोही. ठेवताना ती म्हणाली, लाडू नाय वळले, मोकळंच राहिलं तर राहू दे, पोरीला गरम गरम घाल.

लाडू वळले नाहीत, काकी. हातात घेतला की भुगा व्हायचा. शेवटी मी ते वाटीत भरलं, वर साजूक तूप सोडलं आणि चमचा दिला. सासूबाई एका बाजूला, मी एका बाजूला, मध्ये श्रावणी. नवरा कामावरून आला, त्याने वाटीकडे हात केला, तर सासूबाई म्हणाल्या, ते तिचं आहे. तो हात मागे घेऊन चहा ठेवायला गेला.

श्रावणीने पहिला घास खाल्ला, थोडा वेळ चावला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, तू माझ्याकडे बघायचीस तशी. तिने वाटी खरवडून संपवली आणि माझ्यापुढे धरली. म्हणाली, अजून आहे का?